सह्याद्रीत मोटारी नसलेले कच्चे रस्ते : सायकल घेऊन कुठे जावं?

चढउतार · २७ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

गुढीपाडव्याला स्वतःलाच एक ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवर चालणारी, भेट दिली. वय ४६, वजन विचारू नका. राहणं पुण्यात, त्यामुळे पहिले सहा महिने खडकवासला, सिंहगड पायथा असंच चाललं. काल सकाळी सातला धरणाकाठच्या रस्त्यावर एका गाडीचा आरसा माझ्या हँडलला घासून गेला. पडलो नाही. गाडीही थांबली नाही. पुढच्या वळणावर तीच मंडळी कणीस खात उभी. मला बघून म्हणाली, "काका, भारी सायकल! केवढ्याला?"

तेव्हापासून डोक्यात एकच आहे, जिथे गाड्याच येत नाहीत असे रस्ते. पक्के नकोतच. मुरूम, खडी, उखडलेलं डांबर, गाडीवाट, काहीही चालेल. पण ट्रेकची पायवाट नको, सायकल खांद्यावर घ्यायची हौस नाही. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत घाटमाथ्यावर कुठेही. दिवसाला ४० ते ६० किमी, चढ एकूण हजारेक मीटर झेपतो. नकाशात करड्या रेघा ढिगाने दिसतात, पण त्यातली कुठली खरंच रस्ता आहे आणि कुठली कुणाच्या गोठ्यात जाऊन संपते, ते कळत नाही. अनुभव लिहा.

भटकभवानी · २७ ऑक्टोबर

वाखु (वाचनखूण) साठवली.

टण्या · २७ ऑक्टोबर

ग्रॅव्हल पाहिजे ना? आमच्या सोसायटीसमोर या. पाइप टाकायला खणलेला रस्ता दिवाळीआधी बुजवणार होते. कुठल्या दिवाळीआधी, ते विचारायचं राहून गेलं. ह.घ्या. (हलके घ्या)

घाटवाट · २८ ऑक्टोबर

चढउतार, माझी एक साधी रीत आहे. एसटीची पाटी वाचायची. ज्या गावापुढे एसटी जात नाही, त्या गावाच्या वाटेवर मोटारी कमी. रस्ता आरपार गेला की गर्दी आलीच, ताम्हिणी बघा.

उदाहरणार्थ पानशेतच्या मागे शिरकोलीवरून घोळ. घोळच्या पुढे कोकणचा कडाच आहे, खाली उतरायला फक्त पायवाटा. म्हणजे रोजच्या कामाशिवाय त्या रस्त्याला कुणी येत नाही. आल्या वाटेने परत फिरायचं. धरणांमुळेही हे झालंय. खोऱ्यातले जुने सरळ रस्ते पाण्याखाली गेले आणि काठाकाठाने वेडेवाकडे नवे झाले, जे कुठेच पोचत नाहीत. पानशेत, वरसगाव, भाटघर, तिन्हीकडे हेच. समोरच्या काठावरचं गाव हाकेवर दिसतं, तिथे जायला मात्र अर्धा दिवस.

दुसरा रस्ता आरपार आहे, तरी शांत. ताम्हिणीत निव्याला मुख्य रस्ता सोडायचा. पिंप्री, भांबर्डे, घनगड, तैलबैल्याच्या त्या दोन भिंती, सालतर खिंड, मग आंबवणे आणि कोरीगडाच्या पायथ्याने लोणावळा. पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडा, कारण अंधारबनची वाट पिंप्रीतूनच सुरू होते आणि बसच्या बस ओतल्या जातात. पिंप्री मागे पडलं की चाकाखालची खडी ऐकू येते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डांबर असून नसल्यासारखं होतं. पुढच्या खेपेला मधले तुकडे काँक्रीटचे झालेले. रस्ता झाला आणि मजा गेली.

नाना_सांगलीकर · २८ ऑक्टोबर

पोरांनो, ही ग्रॅव्हल सायकल काय ते मला नातवाने दाखवलं. टायर केवढा, तर म्हणे ४० मिलिमीटर. मी हसलो.

आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलचा टायर २८ बाय दीड. नातवाने शोधून सांगितलं, नव्या मापात तो ४०-६३५. म्हणजे रुंदी तीच, आणि रिमचा व्यास तुमच्या ६२२ पेक्षा १३ मिलिमीटर मोठाच! दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या, पुढे दांडीवर मी, आणि पाणंदीने ओढा ओलांडून रोज सकाळी डेअरी. गिअर एकच. ब्रेक सळईचे. पावसात ते धरायचे नाहीत, मग वडील चप्पल टेकवायचे. तेव्हा याला कुणी साहस म्हणत नव्हतं, उशीर झाला म्हणत.

टण्या · २८ ऑक्टोबर

नाना, ती सायकल अजून असेल तर विकू नका. आधी तिला इंग्रजी नाव द्या, मग विका.

चढउतार · २८ ऑक्टोबर

घाटवाट, एसटीची पाटी हे कधीच डोक्यात आलं नव्हतं. भांबर्ड्याला पाणी, चहा मिळतो का?

नाना, दंडवत.

घाटवाट · २८ ऑक्टोबर

पाणी कुठल्याही घरी मिळेल. चहा मिळेलच असं धरून चालू नका. दोन बाटल्या आणि खिशात चिक्की.

कृष्णाकाठ · २९ ऑक्टोबर

आम्हा सातारकरांचा लाडका रस्ता सांगतो. सज्जनगड फाटा, ठोसेघर, चाळकेवाडी. ठोसेघरपर्यंत धबधब्याची गर्दी असते, पण वर पठारावर आलात की फक्त पवनचक्क्या. प्रत्येक चक्कीच्या बुंध्यापर्यंत मुरमाचा सेवारस्ता आहे, कारण पातं वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर तिथवर न्यायचा होता. त्यामुळे वळणं रुंद आणि चढ बेताचे. सायकलवाल्यासाठी मुद्दाम आखायला बसलं असतं कुणी, तरी इतकं जमलं नसतं. उंची हजाराच्या वर, आणि वनकुसवड्याच्या बाजूला गेलं की खाली कोयनेचं पाणी. रहदारी म्हणजे देखभालवाल्यांची एखादी पिकअप.

एक इशारा. पवनचक्क्या तिथे उगाच लावलेल्या नाहीत. जाताना ताशी ३० च्या वेगाने, हात सोडून गेलो. येताना उतारावर पायडल मारत होतो. सावली शून्य. टोपी हेल्मेटच्या आत घाला, बाहेर ठेवाल तर पाटणला शोधायला लागेल.

सडाफुली · २९ ऑक्टोबर

कृष्णाकाठ, रस्ता सुरेखच आहे. पण ते पठार म्हणजे सडा, उघड्या कातळाचं माळरान, हे लिहायला हवं होतं. कृपया मुरमावरच राहा, फोटोसाठी कातळावर सायकल घालू नका. जांभ्यावर माती असते बोटभर, कुठे तीही नाही. पावसात त्या बोटभर मातीत सीतेची आसवं, दवबिंदू, नखाएवढी फुलं येतात. ऑक्टोबर संपला की सगळं वाळतं आणि येणाऱ्याला वाटतं, इथे तर काहीच नाही. बी तिथेच असतं, कंद तिथेच असतात. ओल्या मातीत एकदा चाकोरी पडली की पुढच्या पावसाचं पाणी तिथूनच धावतं आणि होती ती मातीही घेऊन जातं. कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे, तिथे पहारा तरी आहे. इथे कुणी नाही.

रापचिक · २९ ऑक्टोबर

क्रेन गेल्या, ट्रेलर गेले, चक्कीच्या पायात टनावारी काँक्रीट ओतलं, आणि सडा मरणार आमच्या चार सेंटिमीटरच्या टायरने?

सडाफुली · २९ ऑक्टोबर

ट्रेलर रस्त्यावरून गेला. तुम्हीही रस्त्यावरून जा, एवढंच म्हणतेय.

टण्या · २९ ऑक्टोबर

रापचिक, इनो घ्या.

दुपारचीझोप · ३० ऑक्टोबर

इतके प्रतिसाद आणि माथेरान कुणीच म्हटलं नाही? मोटारी नाहीत, लाल माती, डोक्यावर झाडं.

टण्या · ३० ऑक्टोबर

मोटारी नाहीत, घोडे आहेत. घोड्यामागून दोन किमी सायकल चालवा. टायरला कुठली माती लागलीय ते ओळखा आणि बक्षीस मिळवा.

घाटवाट · ३० ऑक्टोबर

मोटारी माथेरानच्या वेशीवर, दस्तुरीला थांबतात म्हणून सायकलला मुभा असेलच असं धरू नका, आधी चौकशी करा. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून तिथे ई-रिक्षा आल्यात.

रापचिक · ३० ऑक्टोबर

बरं, मग वरंध घाट. पावसाळ्यात बंद असतो, चिटपाखरू नसतं. मी जुलैत बॅरिकेडच्या कडेने आत गेलो होतो, स्वर्ग!

घाटवाट · ३० ऑक्टोबर

घाट बंद का असतो? दरड येते म्हणून. ती मोटार आणि सायकल बघून पडत नाही. घाट उघडा असताना भोरकडून नीरा-देवघरच्या काठाने जा, वाघजाईजवळ भजी खा आणि परत फिरा. यावर माझ्याकडून पूर्णविराम.

स्टुटगार्टचा_बंड्या · ३१ ऑक्टोबर

इथल्या श्वार्त्सवाल्डमध्ये वनखात्याच्या खडीच्या रस्त्यांचं जाळंच आहे. लाकूड न्यायला केलेले, म्हणून टिकाऊ. मधोमध किंचित फुगवटा, दोन्ही कडांना चर, पाणी कुठे साचतच नाही. तोंडाशी आडवा दांडा. खासगी मोटारीला बंदी, सायकल खुशाल. मात्र आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा एक खास नियम आहे. दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला मनाई. यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. एकदा एका आजोबांनी मला अडवून वाट पावलांनी मोजून दाखवली. त्यांच्या पावलांनी ती पावणेदोन भरली.

सगळं छान आहे. पण ६० किमीत एक माणूस बोलत नाही. मुळशीत एकदा पाणी मागितलं होतं तर ताक मिळालं होतं, वर "जेवून जा".

रानवेडी · १ नोव्हेंबर

भंडारदऱ्याची फेरी कुणीच लिहिली नाही, म्हणून मी लिहिते. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. धरणाला पूर्ण वळसा, ४५ किमीच्या आसपास. मी एकटी केलीय, तीनदा, नेहमी मंगळवार-बुधवारी. मे अखेर ते जूनमध्ये काजव्यांच्या दिवसांत रात्री इथे अक्षरशः वाहतूक कोंडी होते, तेव्हा चुकूनही नाही. साम्रदला सांदण दरीची गर्दीही शनिवार-रविवारची. नोव्हेंबरच्या मधल्या वारी मात्र पाणी, अलंग-मदन-कुलंगची भिंत आणि तुम्ही. रस्ता एकसारखा नाही. कुठे गुळगुळीत, कुठे खडी, कुठे पावसाने खालचा कातळ उघडा केलेला.

त्या कातळावरच दुसऱ्या खेपेला पडले. मला काही नाही, पण सायकल उजव्या अंगावर पडली आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो ती पट्टी, आत वाकला. मोठ्या गिअरला टाकलं की साखळीची टकटक थेट आऱ्यांत. ॲल्युमिनियम जोरात ओढलं तर मोडतं हे माहीत होतं, म्हणून हात लावायची हिंमत होईना. रस्त्यातच बसले. गुरांमागे एक मुलगा होता, अकरा-बारा वर्षांचा. बराच वेळ नुसता बघत उभा. मग म्हणाला, "त्ये सरळ करायचंय ना?" मागे जाऊन उकिडवा बसला. एक डोळा मिटून चाकाच्या रेषेत बघितलं, सुतार फळी बघतो तसं. डिरेलर मुठीत धरला आणि एकदाच, हळू, बाहेर ओढला. परत डोळा मिटून बघितलं. "आता बघा."

पुढचे २५ किमी अकरापैकी नऊ गिअर लागले. पुण्यात दुकानदाराने मापाच्या पट्टीने तपासलं आणि विचारलं, कुठे केलंत हे?

भटकभवानी · १ नोव्हेंबर

रानवेडी, मस्त! एकटीने जाताना भीती?

रानवेडी · १ नोव्हेंबर

माणसांची नाही वाटली. कुत्र्यांची वाटते.

काटेकोर · २ नोव्हेंबर

थोडं तांत्रिक. माझं वजन ७५ किलो. ४० च्या ट्यूबलेस टायरमध्ये हवा ३५-४० पीएसआय, त्याहून जास्त नाही, नाहीतर सुट्या खडीवर सायकल चेंडूसारखी उडते. बाभळीच्या काट्याचं भोक टायरमध्ये ओतलेलं सीलंट भरून काढतं, पण आपल्या उन्हात ते आत सुकतं. दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोअर काढून बघा. तरी एक ट्यूब जवळ असू द्या. गिअर : पुढचे दात मागच्या सर्वात मोठ्या चक्रीपेक्षा जास्त नकोत. पाबे घाटात माझं म्हणणं पटेल.

मातीबद्दल : मुरूम पाणी पिऊन घेतो, पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत चालवता येतो. तांबडी माती आठवडाभर मागते. काळ्या मातीत शिरूच नका. पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं.

जुन्नरी · २ नोव्हेंबर

मी नाणेघाटातून सायकल खाली नेली आहे. "नेली" म्हणजे खांद्यावरून. सातवाहनांच्या काळी बैल-गाढवं माल घेऊन त्याच दगडी पायऱ्यांनी चढायची, आणि वर तो जकातीचा रांजण आहेच. मला पाहून एक गुराखी म्हणाला, बैलावर माणूस बसतो, तुझ्यावर सायकल बसलीय. करू नका.

वाडीतला · ४ नोव्हेंबर

पहिल्यापासून वाचतोय. आज लिहितो.

माझं गाव वेल्ह्याच्या बाजूला, घाटाच्या तोंडावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी कामाला पुण्यात, आईवडील वाडीवर.

घाटवाट म्हणतात, ज्या गावापुढे एसटी जात नाही तिकडे जा. आमच्या वाडीच्या तीन किमी अलीकडेच एसटी थांबते. तिथून वरचा रस्ता तुम्हाला लई आवडेल. मोठी खडी पसरलीय, तीवर मुरूम. रोलर एकदाच फिरला. पाऊस तोंडावर आला म्हणून कंत्राटदार गेला तो गेलाच. त्याला पाच पावसाळे झाले. मुरूम वाहून गेला, खडी राहिली.

तिसऱ्या पावसाळ्यात चुलतीला रात्रीची झोळी करून खाली आणली. बांबूला घोंगडी, चार जण आळीपाळीने, पुढे एक बॅटरीवाला. तीन किमीला दीड तास. सुट्या खडीवर पाय ठरत नाही, आणि पुढच्याचा घसरला की सगळा भार मागच्याच्या खांद्यावर येतो. मागे मी होतो. चुलती बरी आहे आता. पण हा ग्रॅव्हल शब्द वाचला की माझा उजवा खांदा आठवतो मला.

येऊ नका असं म्हणत नाही. फक्त "रस्ता झाला आणि मजा गेली" असं लिहू नका.

घाटवाट · ४ नोव्हेंबर

ते वाक्य माझंच. संपादनाची मुदत संपली, नाहीतर आत्ता खोडलं असतं. चुकलं.

रापचिक · ४ नोव्हेंबर

भावना समजल्या. पण धागा सायकलचा आहे, रस्त्याच्या राजकारणाचा नाही. उद्या सगळीकडे काँक्रीट होणार, मग आम्ही चालवायचं कुठे?

रानवेडी · ४ नोव्हेंबर

काँक्रीटवर. तुमची सायकल काँक्रीटवर पण चालते.

नाना_सांगलीकर · ५ नोव्हेंबर

आमची ती पाणंद पक्की झाली त्या वर्षी वडिलांनी पेढे वाटले होते. सायकल तीच राहिली, फक्त दूध सांडायचं थांबलं.

वाडीतला · ५ नोव्हेंबर

भांडू नका. रस्ता विचारलाय तर सांगतो.

वेल्ह्याहून केळदला जा, मढे घाटाच्या दिशेने. डांबरी आहे. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी धबधब्यापायी गाड्या, एरवी निवांत. केळदच्या आसपास जुन्या गाडीवाटा फुटतात. रस्ता झाला तरी बैलगाडीची वाट कुठे जात नाही, ती तिथेच असते, सपाट, झाडाखालून. कुठली नीट नि कुठली बंद ते इथे लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे जीपा येतील. ज्यांना पाहिजे त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गुरं सकाळी आठला वाटेवर येतात नि सांजच्याला पाचला परततात. तेव्हा कडेला उभे राहा. लांबूनच घंटी वाजवा, एकदम मागून आलात तर बुजतात. धनगरवाड्याशी कुत्री आली की पळायचं नाही. उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि मालकाला हाक मारायची. तुम्ही उतरलात की त्यांना कळतं, हा माणूसच आहे.

चढउतार · ५ नोव्हेंबर

व्यनि केलाय.

भटकभवानी · १६ नोव्हेंबर

धागा वर काढतेय. चढउतार, गेलात का?

चढउतार · १९ नोव्हेंबर

गेलो! काल मंगळवारी, रजा टाकून. गाडी वेल्ह्यात लावली (हो, मोटारीने गेलो, पाबे घाट पुढच्या वेळी). वेल्हे ते केळद मोजल्या, एकूण सात गाड्या, त्यात एक एसटी आणि एक कोंबड्यांचा टेम्पो. गाडीवाटेला लागल्यावर चार तासांत शून्य. एका जागी चाकोरी इतकी खोल की पायडल दोन्हीकडच्या गवताला घासत होतं. धनगरवाड्याशी तीन कुत्री आली. उतरलो, हाक मारली. आतून आवाज आला, "काय करत न्हाईत ती!" कुत्र्यांना हे ठाऊक नसावं, पण थांबली.

मग वाडीतला यांच्या खडीवर गेलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन किमी चालवत चढायचं ठरवलं होतं, ४० चा टायर, हवा काटेकोरांच्या मापाने. सव्वा किमीला उतरलो. मागचं चाक जागच्या जागी फिरतं, दगड मागे उडतात, सायकल पुढे जात नाही. ढकलत नेली. ढकलतानाही दोनदा घोटा मुरगळता मुरगळता वाचला. वाडीवर यांच्या आईने पाणी दिलं, सायकलभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "एवढी म्हागाची घेतली, आन् हाताने ढकलत आणली?"

नाचणीची भाकरी, ठेचा, वालाची उसळ. पैसे घेतले नाहीत.

टण्या · १९ नोव्हेंबर

आईंना सभासद करून घ्या. धाग्याचं सार एका वाक्यात.

वाडीतला · १९ नोव्हेंबर

आई अजून हसते. तिचा निरोप आहे, पुढच्या वेळी येताना पुतण्याच्या सायकलला २० इंची ट्यूब आणा, इथे मिळत नाही. पैसे देणार आहे.

चढउतार · १९ नोव्हेंबर

दुपारीच दोन घेतल्या. टायरपण घेतलाय. त्याच्या मागच्या टायरचे दोरे निघालेत, तो सांगत नव्हता.